आवाज कमी करण्याची कळ

शिरूर-दौंडच्या पट्ट्यातल्या गाण्याबजावण्याचा इतिहास कोणी सांगू लागले, की तो आवाज चढत गेल्याचा इतिहास होतो. आधी यात्रेतल्या तमाशाच्या फडाची हलगी-ढोलकी, मग मांडवाच्या खांबाला बांधलेला कर्णा, मग उसाच्या ट्रॅक्टरवरचा टेप आणि शेवटी वरातीपुढचा डीजे. क्रम चुकीचा नाही. पण या क्रमात घर कुठेच येत नाही. ध्वनिमुद्रित गाणे घरात, बसल्या जागी, हलक्या आवाजात ऐकण्याची सवय घोड आणि भीमेच्या काठी कधी आणि कशामुळे शक्य झाली, असा प्रश्न विचारला तर त्याच यंत्रांचा वेगळा इतिहास हाती लागतो. बिनआवाजाचा संगणक घरच्या स्टिरिओला जोडून गाणे ऐकण्याची आजची सोय म्हणजे शहरी शौकिनांची नक्कल, गावाला ती उपरी, असे सरसकट बोलले जाते. माझे म्हणणे उलट आहे. हलक्या आवाजातले ऐकणे इथल्या माणसाला ठाऊक होते, ठाऊक नव्हते ते यंत्राला. गेल्या सव्वाशे वर्षांत इथवर पोहोचलेल्या बहुतेक यंत्रांनी आवाज वाढवण्याची सोय आधी दिली आणि तो कमी करण्याची फार उशिरा. घरातले ऐकणे रखडले ते आवड नव्हती म्हणून नव्हे. शांतता घराच्या ताब्यात नव्हती म्हणून ते रखडले.

ग्रामोफोनपासून पाहू. ग्रामोफोन अँड टाइपरायटर कंपनीच्या फ्रेड गेसबर्गने नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहरजानसह अनेक कलावंतांची मुद्रणे केली. सुरुवातीच्या तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापून येत. १९०८ मध्ये सियालदहला कारखाना निघाला आणि त्या इथेच छापल्या जाऊ लागल्या. दौंडपर्यंत हा माल यायला वाहतुकीची अडचण नव्हती. पुण्याहून सोलापूरकडे जाणारा लोहमार्ग एकोणिसाव्या शतकाच्या मध्यालाच दौंडवरून गेला होता आणि १८७८ मध्ये मनमाडचा फाटा सुरू झाल्यावर दौंड हे जंक्शन झाले. विजेची अडचण तर नव्हतीच, कारण ग्रामोफोन चावीवर चाले. किंमत मोठी होती, हे खरे. पण ज्यांना ती परवडे त्यांच्याकडेही ग्रामोफोन चारचौघांत वाजवण्याची वस्तू राहिला, याचे एक कारण यंत्रातच होते. त्याला आवाज कमी-जास्त करणारी कळच नव्हती. तबकडीच्या खाचेतली थरथर सुईने पडद्याला दिली, पडद्याने कर्ण्याला दिली आणि कर्ण्याने जेवढी बाहेर टाकली तेवढी ऐकायची. आवाज कमी हवा असेल तर मऊ नादाची वेगळी सुई लावायची. कंपन्या मोठ्या, मध्यम आणि हलक्या आवाजाच्या सुया वेगवेगळ्या विकत. नाही तर कर्ण्यात कापडाचा बोळा कोंबायचा किंवा पेटीची दारे लोटून घ्यायची. शिवाय लाखेच्या तबकडीत दगडाची पूड मिसळलेली असे, त्यामुळे सुई फिरताच खरखर सुरू होई. आवाज हलका केला की गाणे खाली जाई आणि खरखर वर येई. साडेतीन मिनिटांच्या बाजूवर गायकाने एकही हलका स्वर लावू नये, अशीच त्या यंत्राची रचना होती.

रेडिओने कळ दिली, पण ती घराच्या हातात लगेच आली नाही. आकाशवाणीचे पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. १ एप्रिल १९५५ पासून गदिमा आणि सुधीर फडके यांचे गीतरामायण दर आठवड्याला या केंद्रावरून प्रसारित होऊ लागले आणि वर्षभर चालले. लोक रेडिओला हार घालत, उदबत्ती लावत आणि शेजारपाजारच्यांसह ऐकायला बसत, हे महाराष्ट्राला पाठ आहे. त्याच्या पुढच्याच वर्षी युनेस्कोच्या मदतीने एक मोठा प्रयोग झाला. पुण्यासह पाच मराठी जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतामंडळे स्थापन झाली. आठवड्यातून दोनदा संध्याकाळी मंडळातल्या लोकांनी जमून अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकायचा, त्यावर चर्चा करायची आणि मग गावात काही करून दाखवायचे, अशी ही योजना होती. टाटा समाजविज्ञान संस्थेने तिचे मूल्यमापन केले, पॉल न्यूरथ यांनी ते लिहून काढले, आणि ग्रामीण नभोवाणीच्या जागतिक अभ्यासात पुण्याचे नाव कायमचे कोरले गेले. प्रयोग उत्तम होता, याबद्दल मला शंका नाही. पण ऐकण्याच्या इतिहासासाठी त्यातली एक गोष्ट टिपून ठेवावी लागते. संच गावाचा असे. तो शाळेत, चावडीत किंवा पंचायतीत असे, आणि त्याची कळ ज्याच्याकडे संच सोपवला असेल त्याच्या हातात असे. कोणते केंद्र लावायचे, किती वेळ लावायचे, किती मोठ्याने लावायचे, हे ऐकणाऱ्याने ठरवायचे नव्हते. चावडीवर न बसणारी निम्मी वस्ती, म्हणजे बायका, त्या आवाजाच्या कडेला राहिल्या.

इथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. एकत्र ऐकणे हीच आपली रीत होती. कीर्तन, भजन, तमाशा हे सगळे जमलेल्या लोकांचे, मग घरात एकट्याने ऐकण्याला प्रगती का म्हणायचे? तुकोबांची पालखी दौंड तालुक्यातल्या यवत-वरवंडवरून जाते तेव्हा कोणी आवाज कमी करा म्हणत नाही, म्हणूही नये. पण या आक्षेपात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या आहेत. एकत्र ऐकणे म्हणजे मोठ्याने ऐकणे नव्हे. दौंड तालुक्यातच चौफुल्याची कला केंद्रे आहेत. तिथली संगीत बारीची बैठक छोट्या खोलीत होते. पेटी, तबला-ढोलकी आणि हाताच्या अंतरावर बसून अदा करणारी गायिका. तिथे एक भुवई उचलली तरी दाद मिळते आणि शब्द ओठातल्या ओठात मुडपला तरी तो पोहोचतो, कारण मधे कर्णा नाही. ती खोली पैसे मोजणाऱ्या पुरुषांची होती, हे विसरून तिचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. पण हलक्या आवाजातला बारकावा ऐकणारा कान या मातीत होता, एवढे तिच्यावरून सिद्ध होते.

त्याहून भक्कम पुरावा घरातच होता. पहाटे जात्यावर गायलेली ओवी ही या भागातली सर्वांत जुनी घरगुती गायकी. ती ऐकायला गर्दी नसे. जात्याच्या दुसऱ्या बाजूला बसलेली जाऊ किंवा सासू आणि गोधडीत पडल्या पडल्या ऐकणारी मुले, एवढाच श्रोतृवर्ग. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी १९८० च्या दशकापासून पुणे जिल्ह्यातल्या आणि पुढे बाहेरच्याही गावांतून या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल हे संगीत आणि संगणक या दोन्हींत काम करणारे संशोधक त्यांना येऊन मिळाले, आणि ओव्यांची संगणकावरची नोंद व मोठ्या प्रमाणावर ध्वनिमुद्रण झाले. ग्रामीण मराठी घरातल्या सर्वांत हलक्या आवाजाची दखल संगणकाने सर्वांत आधी घेतली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. घरात शांतपणे गाणे ऐकणे उपरे आहे म्हणणाऱ्यांनी आधी या लाख ओव्यांचा हिशेब द्यावा.

मग सत्तर-ऐंशीच्या दशकांत काय झाले? ट्रान्झिस्टरने कळ खरोखर घरात आणली, पण आवाज मुठीएवढ्या स्पीकरचा. कॅसेटने निवड आणली. प्रल्हाद शिंदे ऐकायचे की पुण्याच्या अलूरकरांनी काढलेली शास्त्रीय संगीताची कॅसेट लावायची, हे पहिल्यांदाच घरातले माणूस ठरवू लागले, आणि संगीताच्या धंद्यावरची मोजक्या कंपन्यांची पकड सुटली. याच काळात कालव्याच्या पाण्यावर ऊस वाढला. पाटसचा भीमा आणि पुढे न्हावऱ्याचा घोडगंगा हे कारखाने या पट्ट्याचे आर्थिक खांब झाले. उसाच्या पैशाबरोबर ट्रॅक्टर आला, ट्रॅक्टरबरोबर बारा व्होल्टची बॅटरी आली आणि बॅटरीवर चालणारा गाडीचा टेप आला. तोच टेप पुष्कळ घरांत शिरला. वीज असेल तेव्हा एलिमिनेटरवर, नसेल तेव्हा बॅटरीवर, आणि स्पीकर बसवलेला मातीच्या मडक्यात. मडक्यातला स्पीकर ही मला या इतिहासातली सर्वांत कल्पक वस्तू वाटते. मडक्याच्या पोटातली हवा खालचे स्वर भरून काढते आणि स्पीकरच्या पाठीमागचा आवाज पुढच्या आवाजाला खोडत नाही. पेटीबंद स्पीकरचे शास्त्र कुंभाराच्या मालावर वसवलेले होते. पण शांततेच्या मापाने पाहिले तर कॅसेटही अपुरीच होती. फितीची सळसळ सतत ऐकू येई आणि विलंबित आलापात तीच पुढे येई. ती झाकण्याचा सोपा उपाय म्हणजे आवाज वाढवणे. ट्रॅक्टरवर तर इंजिनाच्या वरताण टेप वाजवावाच लागे. यंत्राच्या उणिवेवर आवाज हा उतारा, ही सवय तेव्हा मुरली, आणि डीजेच्या भिंती त्या सवयीवरच उभ्या आहेत.

विजेचाही यात मोठा वाटा आहे. ६ जून २००५ रोजी वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण आली, तेव्हाची आणि त्यानंतरची काही वर्षे ग्रामीण महाराष्ट्राने दिवसाचे कित्येक तास भारनियमनात काढली. गावठाणाचे फीडर शेतीपंपांपासून वेगळे करण्याच्या आणि सिंगल फेजच्या योजनांनंतर घरातला दिवा आणि शेतातला पंप यांची ताटातूट झाली, आणि घरात ठरलेल्या वेळी वीज असेल असा भरवसा हळूहळू आला. घरचा स्टिरिओ हे भरवशाचे यंत्र आहे. संध्याकाळी सात वाजता गाणे ऐकायला बसू, असे ज्या घराला म्हणता येत नाही तिथे ऐकण्याची सवय लागत नाही. गावाची संगीताची आवड मापताना आपण दुकानातल्या विक्रीकडे पाहतो. फीडरच्या वेळापत्रकाकडे कोणी पाहत नाही.

या भरवशाच्या पाठोपाठ संगणक आला, पण आधी दुकानात. तालुक्यांच्या बाजारपेठांतल्या मोबाइल दुकानांत मेमरी कार्डात गाणी भरून देण्याचा धंदा काही वर्षे जोरात चालला. गाणी एमपी३ मध्ये, बहुधा सेकंदाला १२८ किलोबिटची, म्हणजे सीडीवरच्या माहितीचा सुमारे अकरावा हिस्सा. एमपी३ चे तत्त्व असे, की मोठ्या आवाजाखाली झाकला जाणारा बारीक आवाज कानाला कळत नाही, तेव्हा तो टाकून द्यावा. गोंगाटात हे तत्त्व शंभर टक्के खरे ठरते. शांत खोलीत मात्र तंबोऱ्याच्या जवारीतली वळवळ जिथे विरते तिथे, किंवा टाळांच्या झणत्कारात, हा टाकलेला हिस्सा जाणवू लागतो. २००१ मध्ये आलेल्या फ्लॅक या पद्धतीत काहीच टाकले जात नाही आणि तरी फाइल जवळपास निम्म्यावर येते. पण ती घेऊन करायचे काय, जर खोलीच शांत नसेल? सगळ्या खर्चाच्या आधी शांतता येते, असे मी म्हणतो ते यासाठी.

आणि पहिल्या पिढीचा घरगुती संगणक शांत नव्हता. पेटीत दोन-तीन पंखे, आणि वर फिरती हार्ड डिस्क. डिस्क मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. तिच्या घरघरीचा मूळ स्वर १२० हर्ट्झचा. पुरुष गायकांची आवडती पट्टी काळी एक. तिचा षड्ज १३८.६ हर्ट्झच्या आसपास. म्हणजे डिस्कचा स्वर त्या षड्जाच्या खाली, कोमल निषाद आणि शुद्ध धैवत यांच्या बरोबर मधल्या फटीत पडतो. कुठल्याही रागात न बसणारा तो स्वर तंबोऱ्याला चिकटून तासभर वाजत राहतो. त्यात भर अर्थिंगची. संगणक एका सॉकेटवर, अ‍ॅम्प्लिफायर दुसऱ्यावर, आणि दोघांच्या अर्थिंगमध्ये फरक असला की जोडवायरीतून ५० हर्ट्झची गुणगुण स्पीकरवर येते. पर्जन्यछायेतल्या या तालुक्यांत हा त्रास जास्त संभवतो, कारण उन्हाळ्यात मुरमाड जमीन कोरडी पडते आणि मीठ-कोळसा घातलेला अर्थिंगचा खड्डा पाणी न घातल्यास नावापुरता उरतो. उपाय साधे आहेत. फिरत्या डिस्कऐवजी चकतीविना चालणारी एसएसडी. पंखा नसलेला छोटा संगणक, जसा २०१२ पासून मिळणारा रास्पबेरी पाय. संगणकातल्या आवाजाच्या चिपऐवजी यूएसबीवर बाहेर जोडलेला डॅक, म्हणजे फाइलमधल्या आकड्यांचा आवाज करणारी छोटी पेटी. गुणगुण थांबत नसेल तर विजेच्या तारेऐवजी प्रकाशाच्या तारेने जोडणी, म्हणजे दोन यंत्रांमधला विजेचा संबंधच तुटतो. आणि खड्ड्यात दोन बादल्या पाणी. सिमेंटच्या उघड्या भिंतींचा घुमारा मोडायला जाड गोधडी आणि कोपऱ्यातली धान्याची पोती पुरतात. यातले काहीही परदेशी शौकिनांच्या मासिकातून आणावे लागत नाही.

यंत्र उघडून पाहण्याची तयारी लागते, आणि तीही याच पट्ट्यात रुजलेली आहे. शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेत पीएच.डी. केलेला, हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागातला माणूस दुष्काळी गावात येऊन मुलांना वेल्डिंग, वायरिंग आणि शेती हाताने शिकवू लागला, कारण हाताने केल्याशिवाय विज्ञान कळत नाही यावर त्याची श्रद्धा होती. २००२ मध्ये एमआयटीच्या नील गर्शनफेल्ड यांच्या पुढाकारातून जगभर पसरलेल्या फॅब लॅबच्या, म्हणजे संगणकाच्या मदतीने वस्तू घडवायच्या कार्यशाळांच्या, साखळीतली अगदी पहिल्या काहींपैकी एक इथे उभी राहिली. तिथे संगीताची यंत्रे बनली असा माझा दावा नाही. संगणक ही उघडून, जोडून, आपल्या गरजेनुसार वळवण्याची वस्तू आहे, हा विचार पुण्याच्या किती तरी शाळांआधी पाबळमध्ये होता, एवढेच मला म्हणायचे आहे. आणि शांततेची किंमत इथे कोणाला नवी नाही: शेजारच्या जुन्नर तालुक्यात खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण उभी राहिली, ती या भागात मानवनिर्मित रेडिओ-गोंगाट कमी होता म्हणूनही.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा. एप्रिलमध्ये छतावरचा पंखा बंद करता येत नाही. मग संगणक बिनआवाजाचा करून काय साधले? उत्तर जात्याकडे आहे. जात्याचीही घरघर असे, आणि बायका तिच्यावरच गात. छताच्या पंख्याचा किंवा जात्याचा आवाज अनेक स्वरांत पसरलेला, एकसारखा असतो. कान त्याला लवकर सरावतो आणि बाजूला ठेवतो. डिस्कचा किंवा छोट्या पंख्याचा आवाज एकाच स्वरावर रोवलेला असतो, म्हणून मोजमापात तो कितीही कमी भरला तरी गाण्यात टोचत राहतो. आधी टोचणारा आवाज काढायचा, पसरलेला नंतर. कायद्याचे गणितही याला धरून आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे. सोळा बिटच्या सीडीत सर्वांत हलक्या आणि सर्वांत मोठ्या आवाजात सुमारे ९६ डेसिबलचे अंतर मावते. रात्री गावात शांतता पाळली गेली तरच त्या अंतराचा खालचा भाग घरात ऐकू येतो. नाहीतर तो विकत घेऊन वाया जातो. डीजेवरच्या निर्बंधांची चर्चा आपण रुग्ण आणि परीक्षार्थी यांच्या अंगाने करतो, ती योग्यच आहे. तिच्यात संगीत ऐकणाऱ्याचाही हक्क मोजला पाहिजे.

तिसरा आक्षेप आजचा आहे: सगळ्यांच्या खिशात मोबाइल आहे, कानात इअरफोन आहे, मग स्टिरिओ कशाला? इअरफोन शांतता देतो हे मान्य, पण ती एकाच माणसाची. घरच्या खोलीतले ऐकणे दोघा-चौघांचे असते. म्हातारी खाटेवर, सून भाजी निवडत, मूल अभ्यास टाकून. चावडीवरच्या संचाने ज्यांना बाहेर ठेवले ती माणसे या खोलीत आत येतात. इअरफोनने ती पुन्हा बाहेर जातात. आणि मोबाइलच्या उघड्या स्पीकरचे म्हणाल, तर तो काही शे हर्ट्झच्या खालचे जवळजवळ काहीच देत नाही. डग्ग्याचा घुमार आणि तंबोऱ्याचा खर्ज त्यात उरत नाहीत, कान त्यांची कल्पना करून घेतो. राईरकर-पॉइटविन यांच्या संग्रहातल्या ओव्या आता इंटरनेटवर सर्वांसाठी खुल्या आहेत, आणि काही मुद्रणांत बाईच्या आवाजाखाली जात्याची घरघर आहे. मोबाइलवर ती ओवी ऐकली तर फक्त बाई ऐकू येते. शांत संगणकावरून साध्या दोन स्पीकरांवर लावली तर जातेही ऐकू येते, आणि ती ओवी कोणत्या लयीला बांधलेली आहे ते तेव्हाच कळते.